भाव

वेइक्को, भाव काय लावायचा, असं मी विचारलं
तेव्हा तू भावच सांगत बसलास.
भट्टीची वीट न् वीट तू रचलेली,
सौनाच्या फळ्या सासऱ्याच्या रानातल्या,
आणि स्वयंपाकघरातून दिसणारं तळं,
जे तुझं नव्हतंच कधी, तरी बेरजेत आलं.
एकोणऐंशी हजार युरो.
मी लिहून घेतले.
जास्त आहेत हे मला तेव्हाच कळलं होतं,
पण दारात पाटी माझी लागायला हवी होती.
तेव्हा पहिली चूक तुझ्या एकट्याची नाही.

कागदाची गिरणी बंद पडून तिसरं वर्ष.
रस्त्यावर बावीस घरं, सात पाट्या.
ज्या शाळेत तू माझ्या दोन बाकं पुढे बसायचास
तिथे आता चौथीचा वर्ग तिसरीतच भरतो.

फोटो काढले डिसेंबरात, दुपारी अडीचला,
म्हणजे रात्रीच.
खिडकीत आउनेचा कागदी तारा पेटलेला.
ती गेल्यावरही तू तो दरवर्षी टांगतोस, मी काय बोलणार.
पण जुलैत, सूर्य मावळायचं विसरला तेव्हाही
जाहिरातीत तारा तसाच जळत होता,
आणि लोक बोटं मोजत होते:
सात महिने झाले, कोणी घेत नाही,
म्हणजे काहीतरी असणार.

होतंच.
तळघरातल्या डागावर तू पांढरा रंग मारलास.
ओलीला रंगाची काय भीड?
वसंतात ती पुन्हा भिंतीवर आली,
आणि आली नव्हती तेव्हाही
जिन्यावरच वास येत होता.

मार्चमधलं ते जोडपं आठवतं, कोक्कोलाचं?
अडुसष्ट म्हणाले.
तू असा पाहत राहिलास
जसा काही त्यांनी आउनेचा भाव केला.
नुसती सौनाच तेवढ्याची आहे, म्हणालास,
आणि त्यांची कॉफी अर्धी असताना कप उचललेस.

नंतर तू हजाराहजारानं उतरत गेलास,
त्याच भुकटीवर पुन्हा पाणी ओतावं तसा.
लोक म्हणाले, उतरतोय ना, मग थांबू या.
जे आले त्यांच्या मागे मागे तू खोल्यांतून फिरलास,
हे कपाट कुठल्या साली, ही खोली कुणाची,
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा, मुलांची उंची.
त्यांना स्वतःचा पलंग मनात मांडायचा होता,
तिथे तू आधीच बसलेला.
'कळवतो' म्हणायचे आणि बूट घालायचे.
मुलगी पाहायला आलेलेही
इतक्या घाईनं उठत नाहीत.

ऑक्टोबरात मी तुला तासभर हाकललं.
गळ घे, जा, म्हटलं.
वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी रोवेना आली,
मनिलाजवळची, जाड मोज्यांवर आणखी मोजे.
मी आधी तिला तळघर दाखवलं.
ओलीचा अहवाल हातात दिला, दुरुस्तीच्या खर्चासकट.
तो अहवाल मार्चमध्येच करून घ्यायला हवा होता,
आणि हे सांगायला मी हवी होते.
तिनं शांतपणे वाचला.
वर येऊन भट्टीवर तळवा ठेवला
आणि बराच वेळ काढला नाही.
बर्फ कोण काढतं, एवढंच विचारलं.
मी म्हटलं, ज्याचं घर तो.
ती हसली.

तू दोन मासे घेऊन परतलास.
किती? म्हणालास.
एक्कावन्न.
मार्चमध्ये अडुसष्ट होते ना?
होते.
तू मासे साफ करायला घेतलेस,
खवले पार खिडकीच्या काचेपर्यंत उडाले.

बँकेत तुझी सही वाकडी आली.
मग तू माझ्या माहितीपत्रकाच्या पाठीवर
रोवेनासाठी ठळक अक्षरांत लिहिलंस:
निखाऱ्यांवर निळी ज्योत दिसेतो
धुराड्याची झडप लावायची नाही.
झोप कितीही आली तरी.
खाली नाव घातलंस, फोन नंबर घातलास,
आणि या वेळी
सही अगदी सरळ.